समुद्राखाली गेलेली लेव्हँट खाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, अटलांटिकच्या कड्यावर लेव्हँट नावाची तांब्याची आणि कथिलाची जुनी खाण आहे. तिच्याबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांची पत्रं येत आहेत आणि त्यांतले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एखादंच उत्तर वाचायचं असेल तर तेवढंही पुरेल. जिथे दुसऱ्या उत्तराची मदत लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लेव्हँट नेमकी कुठे आहे? ती कधीपासून कधीपर्यंत चालली?

कॉर्नवॉलच्या अगदी पश्चिमेला पेन्विथ नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे सेंट जस्ट या गावाच्या उत्तरेला, पेंडीन खेड्याजवळ, थेट समुद्राच्या कड्यावर ही खाण आहे. एका बाजूला बोटॅलॅक, दुसऱ्या बाजूला गीव्हर आणि या दोन मोठ्या खाणींच्या मध्ये लेव्हँट. तिचं नाव १७४८ च्या नकाशात सापडतं. मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं ते १८२० मध्ये कंपनी स्थापन झाल्यावर, आणि १९३० मध्ये खाण बंद पडली. २००६ मध्ये कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाण-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. लेव्हँट त्याचाच भाग आहे.

२. कथील म्हणजे शिसंच ना? आणि 'टिनचा डबा' कथिलाचा असतो का?

नाही, दोन्ही वेगळे धातू आहेत. शिसं जड आणि विषारी. कथील त्यापेक्षा हलकं, चांदीसारखं पांढरं आणि अन्नाला चालणारं. म्हणून तर भांड्यांना कल्हई करतात ती कथिलाची. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कल्हईवाल्याच्या छोट्या भात्यावरही काम भागतं. टिनचा डबा लोखंडी पत्र्याचा असतो, त्यावर कथिलाचा पातळ थर दिलेला असतो. तांब्यात थोडं कथील मिसळलं की कांसं होतं, आणि ते दोन्हींपेक्षा कठीण असतं. मानवी इतिहासातल्या एका अख्ख्या युगाला याच मिश्रणाचं नाव मिळालं आहे.

कथिलाचं मुख्य खनिज कॅसिटराइट. त्यात वजनाने सुमारे ७९ टक्के कथील असतं. त्याचा लिंबाएवढा काळसर तपकिरी तुकडा मी पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा हात आपोआप खाली गेला. साधी गारगोटी पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट जड असते, कॅसिटराइट जवळजवळ ७ पट. हा वजनातला फरक पुढे कामाला येतो (प्रश्न ९).

३. एकाच खाणीत तांबं आणि कथील दोन्ही कसं काय सापडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. लेव्हँटचा पुढचा सगळा इतिहास या उत्तरातून निघतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राचा तळ होता. तिथे चिखलाचे थर साचले, अधूनमधून ज्वालामुखीचा बेसाल्टसारखा काळा खडकही त्यांत शिरला. पुढे दोन भूखंड एकमेकांवर आदळले आणि हे थर चुरगळले. चिखलाचा पाटीसारखा खडक झाला. कॉर्नवॉलचे खाणकामगार त्याला 'किलास' म्हणत. काळा खडक तिथे हिरवट दिसतो, म्हणून त्याचं नाव 'ग्रीनस्टोन'.

टक्कर संपल्यावर कवचाचा खालचा भाग वितळला आणि तो रस हळूहळू वर चढला. पृष्ठभागापर्यंत मात्र तो पोचला नाही, काही किलोमीटर खाली अडकला आणि सावकाश थिजला. तो झाला ग्रॅनाइट. लँड्स एंडचा ग्रॅनाइट सुमारे २७ ते २८ कोटी वर्षं जुना आहे. थिजताना तो थोडा आकसला, भेगाळला. भेगांमधून तापलेलं, खारं, धातू विरघळलेलं पाणी फिरू लागलं. पाणी जसजसं निवत गेलं तसतशी त्यातली खनिजं भेगांच्या भिंतींवर बसत गेली. भरून आलेल्या या भेगा म्हणजे धातूच्या शिरा. तिथले लोक त्यांना 'लोड' म्हणतात.

सगळी खनिजं एकाच तापमानाला बसत नाहीत. कॅसिटराइट जास्त तापमानाला, म्हणजे ग्रॅनाइटच्या आत किंवा त्याला लागून बसतं. तांब्याची खनिजं त्याहून थंड भागात, ग्रॅनाइटपासून जरा दूर, वरच्या बाजूला. शिसं आणि जस्त आणखी दूर. म्हणजे एकाच शिरेतून खाली उतरत गेलं की आधी तांबं लागतं, मग दोन्ही मिसळलेलं आणि खोलवर कथील. लेव्हँटची खाण आधी तांब्यावर जगली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलावर आली, त्याचं मूळ हेच. सगळीकडे असा पाठ्यपुस्तकी क्रम दिसतो असं मात्र नाही. त्याच भेगा पुन्हा पुन्हा उघडल्या, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं पाणी त्यांतून गेलं, त्यामुळे थरांची सरमिसळही भरपूर आहे.

४. जमीन सोडून लोक समुद्राखाली कशाला गेले?

कारण शीर तिकडे गेली. सेंट जस्ट भागात ग्रॅनाइट जमिनीच्या बाजूला आहे आणि किनाऱ्यालगत किलास व ग्रीनस्टोनचा अरुंद पट्टा आहे. दोन्हींची सीमा किनाऱ्याच्या जवळून जाते आणि शिरा साधारण वायव्य-आग्नेय धावतात, म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ काटकोनात. शिरेमागे चालत गेलं की एका टोकाला गावची शेतं लागतात, दुसऱ्या टोकाला अटलांटिक. किनाऱ्यापासून आत असलेल्या कॅम्बोर्न गावाकडच्या खाणींमध्ये शिरांची दिशा वेगळी आहे, तिथे समुद्राचा प्रश्नच नव्हता.

लेव्हँटचे बोगदे समुद्राखाली मैलभराहून जास्त लांब गेले. लोकांना यात धाडस दिसतं, आणि धाडस होतंच. पण दिशा कोणी नकाशावर रेघ ओढून ठरवली नव्हती. आज शीर जिथे संपली, उद्या तिथूनच पुढे फोडायचं, असं शंभर वर्षं चाललं.

५. मग समुद्र आत शिरला नाही?

बराच काळ नाही. शिरेभोवतीचा खडक घट्ट होता आणि मुख्य काम समुद्रतळाच्या पुष्कळ खाली चालत असे. पाणी झिरपायचं, चवीला खारट असायचं आणि ते पंपांनी अखंड उपसावं लागे. पण काही ठिकाणी कामगार शिरेचा पाठलाग करत वर वर गेले आणि डोक्यावरचं छत पातळ झालं. सेंट जस्ट भागातल्या समुद्राखालच्या खाणींत उतरलेल्या जुन्या पाहुण्यांनी लिहून ठेवलं आहे की, वादळात समुद्रतळावरचे धोंडे गडगडताना खाली ऐकू येत. रोज तिथेच काम करणारी माणसंही कधी कधी तो आवाज ऐकून हत्यारं टाकून बाहेर येत.

लेव्हँटमध्ये समुद्राने अखेर छत फोडलं, ते '४० फॅदम' पातळीच्या वरच्या कामांत (फॅदमसाठी प्रश्न ६ पाहा). शेजारच्या गीव्हर खाणीला लेव्हँटच्या जुन्या शिरांपर्यंत पोचायचं होतं, म्हणून १९६० च्या दशकात समुद्रतळावरचं ते भगदाड काँक्रीट वगैरे घालून बुजवलं आणि मग आतलं पाणी उपसलं. बुडलेल्या खाणीला वरून, भर समुद्रात ठिगळ लावायचं! इंजिनिअरिंगचं इतकं जिद्दीचं काम मी फार थोडं वाचलं आहे.

६. फॅदम म्हणजे किती? खाण किती खोल होती?

फॅदम म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. आपल्याकडे कोळी आणि खलाशी पाण्याची खोली सांगायला 'वाव' हे माप वापरतात. दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर. फॅदम म्हणजे तेच. कॉर्नवॉलच्या खाणींत पातळ्यांना फॅदमच्या आकड्यांनीच ओळखत.

एक गोम लक्षात ठेवा. हे आकडे बहुधा जमिनीच्या पृष्ठभागापासून मोजत नसत. पाणी बाहेर सोडणारा जो आडवा बोगदा असे, त्याला 'अॅडिट' म्हणत, आणि मोजणी तिथून सुरू होई. म्हणून जुन्या कागदांतला आकडा आणि खरी खोली जुळत नाही. लेव्हँट अंदाजे २,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० मीटर खोल गेली.

७. कड्यावरच्या त्या दगडी इमारतीत काय आहे?

तिथे १८४० सालचं बीम इंजिन आहे, हेल गावच्या हार्वी कंपनीने बनवलेलं. वाफेच्या जोरावर एक अवजड लोखंडी तुळई ढेकळीसारखी वरखाली होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जोडलेलं चाक फिरतं. हे इंजिन खनिज वर ओढायचं. पाणी उपसण्याचं इंजिन वेगळं होतं.

१९३० मध्ये खाण बंद पडल्यावर हे इंजिन भंगारात जायचं होतं. १९३५ मध्ये काही स्थानिक मंडळींनी समिती स्थापन करून ते वाचवलं. त्याच समितीतून पुढे ट्रेव्हिथिक सोसायटी उभी राहिली. १९८० च्या दशकात स्वयंसेवकांच्या एका टोळक्याने ते दुरुस्त करायला घेतलं. त्यांचं नावच 'ग्रीझी गँग' पडलं. सुमारे ६० वर्षांनी ते पुन्हा वाफेवर फिरलं. आता ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

८. कॉर्नवॉलमध्ये कोळसा होता का? नसेल तर इंजिनं कशावर चालायची?

कोळसा नव्हता. तो वेल्समधून जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. त्यामुळे कमी कोळशात जास्त पाणी कसं उपसता येईल याचा ध्यास तिथल्या इंजिनिअरांना लागला होता. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ वापरली आणि १८१२ च्या सुमारास पुढे 'कॉर्निश इंजिन' म्हणून प्रसिद्ध झालेला नमुना घडवला. १८११ पासून तर कोणत्या खाणीच्या इंजिनाने किती कोळशात किती काम केलं याचे आकडे दरमहा छापून यायचे, त्यामुळे इंजिनिअरांमध्ये चढाओढ असे. आपले आकडे असे उघड्यावर मांडण्याचा हा रिवाज मला त्या काळाच्या कितीतरी पुढचा वाटतो.

कोळशाच्या हिशेबामुळेच आणखी एक गोष्ट झाली. तांब्याचं खनिज वितळवायला खनिजापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागे, म्हणून कोळसा आणण्याऐवजी खनिजच जहाजात भरून वेल्समधल्या स्वान्झीला पाठवत. तीच जहाजं परतताना कोळसा आणत. कथील मात्र कॉर्नवॉलमध्येच वितळवलं जाई.

९. खडकातून कथील वेगळं कसं करायचे?

इथे वजन कामाला येतं (प्रश्न २). खनिजाचे दगड आधी हातोड्याने फोडायचे. मग 'स्टँप्स' म्हणजे उखळातल्या मुसळांसारख्या ओळीने पडणाऱ्या अवजड घणांखाली त्यांची वाळू करायची. ती पाण्याबरोबर गोल, उथळ खड्ड्यांत सोडायची. जड कॅसिटराइट पाणी जिथे पडतं तिथेच बसतं, हलकी वाळू पुढे वाहून जाते. सुपात धान्य पाखडतात तशीच ही रीत, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. शेवटी ते खनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवलं की ऑक्सिजन निघून जातो आणि धातू उरतो. त्याआधी एक भाजणीही लागे, तिच्याविषयी प्रश्न १५ पाहा.

१०. खाणीत बायका आणि मुलंही काम करायची का?

करायची. १८३६ मध्ये लेव्हँटमध्ये ३२० पुरुष, ४४ बायका आणि १८६ मुलं कामाला होती. बायका जमिनीखाली उतरत नसत, वर अंगणात खनिज फोडत आणि निवडत. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. 'बाल' हा खाणीसाठीचा कॉर्निश शब्द. मोठे दगड लांब दांड्याच्या घणाने फोडणं, मग लहान हातोडीने खनिज आणि नुसता दगड वेगळा करणं, मग सपाट लोखंडी ठोकणीने उरलेलं कुटणं, असे त्यांच्या कामाचे टप्पे होते. दगडाच्या कपच्या आणि ऊन लागू नये म्हणून त्या डोक्यावर पुढे आलेलं कापडी टोपरं घालत, पायांना फडकी गुंडाळत.

या बायकांना बहुतेक लेखांत एका ओळीवर वाटेला लावतात, याचं मला वाईट वाटतं. खनिजात दगड किती आणि धातू किती हे नजरेने ओळखायचं कसब त्यांच्याकडे होतं आणि खाणीला पैसे किती मिळणार ते त्या कसबावर ठरायचं.

११. मजुरी कशी मिळायची? आणि हे 'कॅप्टन' कोण?

कॅप्टन म्हणजे जहाजाचा कप्तान नव्हे, खाणीचा व्यवस्थापक. बहुतेक कॅप्टन कामगारांतूनच वर आलेले असत.

मजुरीच्या दोन पद्धती होत्या. 'टटवर्क' म्हणजे बोगदा किंवा शाफ्ट (खाणीत खाली उतरणारी विहीर) खणायचं काम, पैसे किती फॅदम खणलं त्यावर. 'ट्रिब्यूट' ही जास्त गुंतागुंतीची. खाणीतल्या ठराविक तुकड्याचा लिलाव व्हायचा. चार-सहा जणांची टोळी बोली लावायची, की इथलं जे खनिज काढू त्याच्या किमतीत दर पौंडामागे आम्हाला इतके शिलिंग द्या. सगळ्यात कमी मागणारी टोळी जिंकायची. शीर जाड निघाली तर चांदी, बारीक निघाली तर महिनाभर राबून हाती काही नाही. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू आणि हत्यारांना धार लावण्याचे पैसेही त्यांच्याकडूनच कापत. त्यामुळे कामगाराला खडक वाचता यावा लागे, तोही मेणबत्तीच्या उजेडात.

१२. उघडी मेणबत्ती? स्फोट व्हायचा नाही?

कोळशाच्या खाणीत झाला असता. कोळशातून मिथेन वायू सुटतो, म्हणून तिथे जाळीचा सुरक्षित दिवा लागतो. ग्रॅनाइट आणि किलासमध्ये तो धोका जवळजवळ नव्हता. कामगार कडक केलेली फेल्टची टोपी घालत, तिच्यावर चिकणमातीचा गोळा थापत आणि त्यात मेणबत्ती खोचत. जास्तीच्या मेणबत्त्या वातींना धरून सदऱ्याच्या गुंडीला लटकवलेल्या असत.

स्फोटाचा धोका होता तो सुरुंगाच्या दारूचा. जुन्या वाती कधी भसकन जळायच्या, कधी रेंगाळायच्या. १८३१ मध्ये विल्यम बिकफर्डने कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल इथे ठराविक वेगाने जळणारी सुरक्षित वात तयार केली. तिने अनेकांचे डोळे आणि हात वाचवले.

१३. मॅन इंजिन म्हणजे लिफ्टच ना?

लिफ्ट नव्हे. शाफ्टमध्ये वरपासून खालपर्यंत एकाला एक जोडलेल्या तुळयांचा एकच लांबलचक दांडा असे. इंजिन तो १२ फूट वर उचले, १२ फूट खाली सोडे. दांड्यावर दर १२ फुटांवर पाय ठेवण्यापुरती फळी आणि धरायला मूठ. शाफ्टच्या भिंतीलाही दर १२ फुटांवर स्थिर फळ्या. वर यायचं असेल तर दांडा खाली असताना त्याच्या फळीवर पाऊल टाकायचं, १२ फूट वर जायचं, क्षणभर थांबा आला की बाजूच्या स्थिर फळीवर उतरायचं, दांडा खाली येऊ द्यायचा आणि पुन्हा पाऊल टाकायचं. एका हाताने मूठ धरलेली, सगळीकडे अंधार, वर-खाली मेणबत्त्यांचे ठिपके.

ही कल्पना जर्मनीतल्या हार्झ भागात १८३३ मध्ये निघाली, कॉर्नवॉलमध्ये ट्रेसॅव्हिअन खाणीत १८४२ मध्ये आली, लेव्हँटमध्ये १८५७ मध्ये. तिथे हा दांडा अखेरीस सुमारे १,६०० फूट खोल गेला होता. त्याआधी लोक दिवसभर राबून शिड्या चढत वर येत. त्यात तासाहून जास्त जाई आणि चाळिशीतच छाती निकामी होई. म्हणून कामगारांना मॅन इंजिन वरदान वाटायचं. आज त्याचं चित्र पाहून धडकी भरते, पण शिडीशी तुलना केल्याशिवाय त्याचं माप काढू नये.

१४. २० ऑक्टोबर १९१९ ला काय झालं?

पाळी संपवून शंभरहून जास्त माणसं मॅन इंजिनवरून वर येत होती. वरच्या टोकाला, दांडा इंजिनाच्या तुळईला जोडणारा लोखंडी दुवा तुटला. माणसांसकट दांडा खाली कोसळला, ठिकठिकाणी मोडला, बाजूच्या फळ्याही घेऊन गेला. ३१ जण मेले. त्यांतल्या बऱ्याच जणांची घरं आसपासच्या दोन-तीन खेड्यांत होती. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मॅन इंजिन पुन्हा बसवलं नाही. त्यामुळे सगळ्यात खालच्या, कथिलाच्या पातळ्या सोडून द्याव्या लागल्या. आज पाहुण्यांना कपडे बदलण्याच्या खोलीपासून गोल जिना उतरून बोगद्याने त्या शाफ्टच्या तोंडापर्यंत जाता येतं. त्या पायऱ्यांवरून त्या सकाळी खाली गेलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. तिथे फार बोलवत नाही.

१५. खाणीत आर्सेनिक कुठून आलं? आजही धोका आहे का?

कथिलाच्या शिरांत आर्सेनोपायराइट नावाचं खनिज असतं. ते कथिलात राहिलं तर धातू खराब होतो, म्हणून खनिज भट्टीत भाजून आर्सेनिक उडवून लावत. पुढे त्याच धुराला किंमत आली. तो नागमोडी, लांब दगडी नळीतून फिरवायचा, भिंतींवर पांढरी पूड बसायची आणि ती कामगार आत शिरून खरवडायचे. संरक्षण काय, तर नाकात कापसाचे बोळे, तोंडावर फडकं आणि उघड्या कातडीला मातीचा लेप. काच, रंग आणि मुख्यतः पिकांवरच्या कीडनाशकांसाठी ही पूड जगभर जायची.

भट्ट्यांच्या आसपासची माती आजही दूषित आहे, काही जागी गवतसुद्धा उगवत नाही. पायवाटेने चाललात तर काळजीचं कारण नाही. मातीत हात घालून मग काही खाऊ नका, आणि लहान मुलांवर नजर ठेवा.

१६. खोल गेल्यावर इतकं गरम का व्हायचं?

खोल जाताना सगळीकडेच तापमान वाढतं, पण कॉर्नवॉलमध्ये ते जास्त वेगाने वाढतं. तिथल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम बरंच आहे आणि त्यांच्या किरणोत्सारातून अखंड उष्णता निघते. ती उष्णता वापरायला अलीकडे कॉर्नवॉलमध्येच युनायटेड डाउन्स इथे ५ किलोमीटरहून खोल विहीर खणली आहे. याच युरेनियममुळे जुन्या बोगद्यांत रेडॉन वायू साठतो. उघड्या जुन्या तोंडांतून आत डोकावू नये, याला पडण्याच्या भीतीखेरीज हेही कारण आहे.

१७. कामगारांना खोकल्याचा आजार व्हायचा तो कशाने?

मुख्यतः दगडाच्या धुळीने. हाताने छिद्र पाडायचे तोवर धूळ कमी होती. हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल आली आणि गारगोटीची बारीक पूड सरळ फुप्फुसात जाऊ लागली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या आरोग्यावर अहवाल दिला, त्यात ही धूळच दोषी ठरली. उपाय साधा होता, ड्रिलच्या टोकाशी पाण्याची धार सोडायची. त्याच सुमारास डोलकोथ खाणीतला अंगातलं रक्त कमी करणारा आजारही त्याने ओळखला. तो अंकुशकृमी या जंताचा होता. उबदार, दमट बोगदे आणि शौचाची सोय नाही, मग दुसरं काय होणार?

१८. इतकी मोठी खाण बंद का पडली?

एका कारणाने नाही. १८६६ मध्ये तांब्याचा भाव कोसळला, कारण परदेशातून स्वस्त तांबं येऊ लागलं होतं. तांब्याच्या खाणी धडाधड बंद पडल्या. लेव्हँट टिकली, कारण तिच्याकडे खाली कथील होतं (प्रश्न ३). पुढे ऑस्ट्रेलिया आणि मलायातून नदीच्या गाळातलं कथील आलं. तिथे खडक फोडायचा नाही, समुद्राखाली पंप चालवायचे नाहीत. त्यात १९१९ ची दुर्घटना, मग खालच्या पातळ्या सुटल्या. १९३० च्या मंदीने शेवटचा धक्का दिला.

१९. मग ती माणसं कुठे गेली?

जगभर. मिशिगन, मेक्सिको, दक्षिण ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. त्यांना 'कझिन जॅक' हे नावच पडलं. भारतातही आली. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स कंपनीने कोलारच्या सोन्याच्या खाणींत काम सुरू केलं तेव्हा कॉर्नवॉलचे कॅप्टन आणि कामगार तिथे उतरले. कोलारविषयी वाचताना शाफ्ट, स्टँप्स, कॅप्टन हे शब्द भेटले तर ते कुठून आले हे आता कळेल.

२०. समुद्राच्या खडकावर अगदी लाटांजवळ दोन इंजिनघरं असलेला फोटो लेव्हँटचाच ना?

नाही, ती शेजारच्या बोटॅलॅकची 'क्राउन्स' इंजिनघरं. गोंधळ फार होतो. तिथला तिरका बॉस्कावेन शाफ्ट समुद्राखाली जायचा. १८६३ मध्ये त्या शाफ्टमधल्या गाडीची साखळी तुटून ९ जण मेले. १८६५ मध्ये वेल्सचे राजपुत्र आणि त्यांच्या पत्नी त्याच शाफ्टने खाली जाऊन आले. बोटॅलॅकच्या नावावर एक खनिजही आहे, बोटॅलॅकाइट. तांबं आणि समुद्राच्या पाण्यातलं मीठ यांच्या संयोगातून झालेलं, निळसर हिरवं.

२१. फिनिशियन व्यापारी कथिलासाठी कॉर्नवॉलला यायचे, हे खरं का?

कथा लोकप्रिय आहे, पण फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्रावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी, स्वतः तिथे आल्याचा भक्कम पुरातत्त्वीय पुरावा सापडलेला नाही. कथिलाचा व्यापार प्राचीन होता हे मात्र खरं. ग्रीक इतिहासकार डायोडोरसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ब्रिटनच्या या टोकाचे लोक कथील काढून 'इक्टिस' नावाच्या बेटावर नेतात आणि ओहोटीच्या वेळी गाड्या तिथवर चालत जातात, असं वर्णन केलं आहे. बरेच अभ्यासक ते बेट म्हणजे सेंट मायकल्स माउंट मानतात.

पण त्या काळचं कथील म्हणजे लेव्हँटसारखी खोल खाण नव्हे. झिजलेल्या शिरांतून ओढ्यांच्या वाळूत आलेलं कॅसिटराइट लोक धुऊन गोळा करत. 'ही खाण ३,००० वर्षं जुनी' असं कुठे वाचलंत तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

२२. कथिलावर वेगळा कर होता म्हणतात, तो तांब्यावर का नव्हता?

कथिलाचा हक्क मध्ययुगापासून राजसत्तेकडे आणि पुढे डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे राजाच्या थोरल्या मुलाच्या जहागिरीकडे, होता. वितळवलेली लगड ठराविक गावांत आणावी लागे, तिचा कोपरा तोडून शुद्धता तपासत, शिक्का मारत आणि कर घेत. पेन्झन्स हे असंच एक गाव. तांबं कॉर्नवॉलमध्ये उशिरा महत्त्वाचं झालं आणि ते या जुन्या व्यवस्थेत बसत नव्हतं. हा कर १८३८ मध्ये रद्द झाला.

२३. तिथे गेलो तर खाली उतरता येतं का? दगड उचलून आणले तर चालतात का?

लेव्हँटचे खोल बोगदे पाण्याखाली आहेत. प्रश्न १४ मधल्या शाफ्टच्या तोंडापर्यंतच जाता येतं. जमिनीखाली चालायचं असेल तर शेजारच्या गीव्हरमध्ये जा. ती खाण १९९० मध्ये बंद पडली, आता संग्रहालय आहे आणि तिथे व्हील मेक्सिको नावाच्या जुन्या, उथळ कामांमधून फिरवतात. बोगदे इतके बुटके आहेत की उंच माणसाला वाकूनच जावं लागतं. लेव्हँटचं इंजिन रोज चालू नसतं. ते फिरताना बघायचं असेल तर निघण्याआधी वेळापत्रक पाहा.

दगड उचलू नका. जागा संरक्षित आहे, आणि ढिगाऱ्यांत आर्सेनिक आहे (प्रश्न १५).

२४. खाण पुन्हा सुरू होईल का?

लेव्हँट नाही. वारसा-स्थळ म्हणूनच ती राहील. कॅम्बोर्नजवळची साउथ क्रॉफ्टी, जी १९९८ मध्ये बंद पडली, तिच्यातलं पाणी २०२३ पासून उपसलं जात आहे आणि कथिलासाठी ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या सोल्डरला कथील लागतं, त्यामुळे या धातूला पुन्हा मागणी आली आहे.